निळ्या चिंधीची तूर

कॉमर्सच्या वर्गात साठ्याच्या मूल्यांकनाचा धडा आला की मी पर्समधून चिंध्या काढते. एक लाल, एक हिरवी, एक पिवळी. मुलं हसतात. पुढच्या बाकावरच्या तीन मुलींना उभं करायचं, एकेकीच्या मनगटाला एकेक चिंधी बांधायची आणि सांगायचं, ही साठ रुपये किलोची तूर, ही पासष्टची, ही बहात्तरची. आता गिऱ्हाईक आलं आणि पंच्याहत्तरने एक किलो घेऊन गेलं. नफा किती झाला? वर्गात भांडण लागतं. कोणी पंधरा म्हणतं, कोणी दहा, कोणी तीन. पुस्तकाची चार पानं वाचून जे डोक्यात शिरत नाही, ते या भांडणात दहा मिनिटांत शिरतं.

परवा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हे चिंध्यांचं तुम्ही शोधलं का?"

"नाही, एक मावशी होत्या," असं म्हणून मी फळ्याकडे वळले. दरवर्षी मी इतकंच सांगते. त्यांचं नाव घेतलं की पुढचंही सांगावं लागेल, म्हणून नाव घेत नाही. पासष्टच्या तुरीची चिंधी खरं तर निळी होती. तीही मी वर्गात नेत नाही, तिच्या जागी हिरवी नेते.

नाव प्रयागबाई. आम्ही सगळ्या प्रयागमावशी म्हणायचो.

मी नुकतीच एम.कॉम. झाले होते आणि मला पहिली नोकरी लागली होती ती एका डाळ मिलमध्ये. मिल म्हणजे दोन यंत्रं, एक पत्र्याचं गोदाम आणि माझ्या टेबलापुरती खोली. बारा बचत गटांच्या बायकांनी मिळून काढलेली. शेतकऱ्यांकडून तूर घ्यायची, डाळ करून विकायची आणि वर्षाच्या शेवटी नफा गटांत वाटायचा. रोज पिंगळीहून पॅसेंजरनं चुडाव्याला उतरायचं आणि तिथून मिळेल त्या जीपनं गाव गाठायचं. त्या गावात कॉम्प्युटरवर हिशोब ठेवणारी मी पहिलीच, त्यामुळे माझा रुबाब माझ्या पगाराच्या मानानं फारच मोठा होता.

प्रयागमावशी गोदाम सांभाळायच्या. पन्नाशीच्या, काटकुळ्या, आणि लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलेल्या. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका पाचटानं, उसाच्या धारदार पाल्यानं, हात कापू नयेत म्हणून असा शर्ट घालतात. मावशींनी बारा वर्षं ऊस तोडला होता. तोड सुटली तरी शर्ट सुटला नव्हता. शर्टाच्या खिशात पेन्सिल, कॉलरला पोती शिवायची दाभण खोचलेली. ही दाभण एक दिवस तुमच्या मानेत जाईल असं मी म्हटलं की म्हणायच्या, "आजवर गेली न्हाई. तिला बी कळतं कुणाची मान हाय ते."

पहिल्या दिवशी मी कोरी वही उघडून विचारलं, "मावशी, एकूण साठा किती?"

"कोणत्या रंगाचा?"

मला वाटलं, बाईंना प्रश्न कळला नाही. मी जरा मोठ्यानं विचारलं.

"बहिरी न्हाई मी, ताई. रंग सांगा, पोती सांगते. सगळे रंग एकात करून काय सांगू?"

मग त्यांनी मला गोदामात नेलं. प्रत्येक पोत्याच्या तोंडाला, सुतळीच्या टाक्यात, चिंधी शिवलेली. जुन्या लुगड्यांच्या चिंध्या. एका आठवड्याच्या बाजाराला घेतलेली सगळी तूर एका रंगाची, कारण त्या आठवड्याचा भाव एक. पुढच्या आठवड्यात भाव बदलला की रंग बदलला. कोणत्या रंगाला काय भाव पडला हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. शिक्षण चौथीपर्यंत. मालाची चिठ्ठी लिहून माझ्याकडे पाठवायच्या तेव्हा तिलाही त्याच रंगाचा बोटभर तुकडा टाचणीनं लावलेला असायचा. मी चिठ्ठी कॉम्प्युटरवर चढवायचे आणि फाइलला लावायचे. चिंधीकडे बघायचे नाही. मला त्या चिंध्या म्हणजे अडाणी हौस वाटायची.

खरं तर ज्याला आमच्या पुस्तकात मोठं नाव आहे, 'आधी आलेला माल आधी बाहेर', ते त्यांनी पुस्तक न बघता गोदामात बसवलेलं होतं. नव्या पोत्यांची थप्पी मागे, जुनी दाराशी. कारण विचारलं तर म्हणाल्या, "भुंगा वाट बघत न्हाई, ताई. जुन्या तुरीत तो आधी शिरतो. म्हून तिला आधी भरडायची." आणि मग, जणू सहज आठवलं म्हणून, "आन कोणती तूर भरडली ते ठाऊक असल्याबिगर नफा कसा काढत्याल?"

हा प्रश्न मला एम.कॉम.च्या तोंडी परीक्षेत विचारला होता. तिथे मी अडखळले होते.

सरासरी भाव काढायला मात्र त्यांचा सक्त विरोध. मी एकदा म्हटलं, सगळ्या तुरीची एक सरासरी काढू, रंगांची कटकट नको. त्या पोतं शिवत होत्या. दाभण थांबली.

"आमच्या टोळीत मुकादमानं एका साली असंच केलं. सगळ्या कोयत्यांचा ऊस एकात मोजला. कोयता म्हंजे नवरा-बायकोची जोडी, ते ठाऊक हाय ना तुमाला? आमी दोघं दिसाला दीड टन तोडायचो. शेजारची जोडी एक टन. वाटणी सारखी. मुकादम म्हणला, सरासरी हाय. त्या सालापासून मला ह्यो शब्द सोसत न्हाई."

"पण मावशी, तूर म्हणजे माणूस नाही."

"तूर कुणीतरी आणलेलीच असती की."

मी चहा मागवला.

वजनाच्या बाबतीत त्या अगदीच निर्दय होत्या. आमच्या अध्यक्ष सुमनताई, मोठ्या दिलाच्या बाई, मिल त्यांच्याच धडपडीनं उभी राहिलेली. एकदा त्यांच्याकडे अचानक पाहुणे आले आणि त्यांनी दोन किलो डाळ मागवली. मावशींनी काट्यावर घातली, चिठ्ठी लिहिली, 'सुमनताई, पाव्हणे, २ किलो', आणि पैसे घेतल्याशिवाय पिशवी सोडली नाही. सुमनताई हसत म्हणाल्या, "अगं, मी अध्यक्ष हाय." मावशी म्हणाल्या, "व्हय की. म्हून तर नाव नीट लिवलं." तुरीचा ओलेपणा मोजायचं यंत्र आम्ही घेतलं होतं, तरी मावशी प्रत्येक पोत्यातला दाणा दाताखाली घालून बघायच्या. कट् असा आवाज आला तर तूर वाळलेली. नाही आला तर समोर सख्खा भाऊ असला तरी पोतं परत. खरोखरच त्यांनी भावाचं पोतं परत केलं होतं. राखीपौर्णिमेला तो आला नाही, हे त्यांनीच मला हसत सांगितलं. डोळे मात्र हसत नव्हते.

नफ्याचा धडा त्यांनी आम्हा सगळ्यांना एकदमच दिला. फेब्रुवारीच्या शेवटी पालमच्या एका व्यापाऱ्यानं आमच्याकडून दहा क्विंटल आख्खी तूर उचलली, पंच्याहत्तरशे रुपये क्विंटलनं. ती लाल चिंधीची, साठशेनं घेतलेली तूर होती. सुमनताईंनी बोटांवर हिशोब केला. क्विंटलला पंधराशे म्हणजे पंधरा हजार नफा. सगळ्यांना एकेक साडी घेऊ म्हणाल्या. बायका खूश. मीही मान डोलावली, पुस्तकाप्रमाणे नफा तेवढाच होता.

मावशींनी दारातूनच विचारलं, "आज तीच तूर आणायची तर कितीला मिळंल?"

"बहात्तरशेला," मी म्हणाले.

"मग पंधराशातले बाराशे तुरीलाच परत घालायचेत. न्हाईतर गोदाम रिकामं ऱ्हाईल. खायला तीनशे. तीनशात साड्या बसत्यात का बगा."

साड्या बसल्या नाहीत. बायकांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की आज प्रयागबाईंनी आपल्या अंगावरची साडी ओढून घेतली. पुढे जे घडलं त्यात या साडीचाही थोडा हात असावा असं मला वाटतं.

या नोकरीचे त्यांना महिन्याला सहा हजार मिळायचे. मी एकदा नको तो प्रश्न विचारला. म्हटलं, तोडीला गेलात तर मुकादम आगाऊच एकदम मोठी उचल देतो, मग इथे का राहता? त्यांनी तोही हिशोब करून ठेवला होता. उचल मोठी दिसते, पण जाताना म्हैस पडत्या भावात विकावी लागते. आल्यावर चढत्या भावात घ्यावी लागते. घर सहा महिने बंद राहिलं की पावसाआधी शाकारायला खर्च. मालकाच्या, म्हणजे नवऱ्याच्या, गुडघ्याचं दुखणं तिकडे वाढतं, त्याचे पैसे वेगळे. सगळं वजा करून त्या म्हणाल्या, "तिकडं जास्त उरतंय, न्हाई असं न्हाई. वरसाला आठ-धा हजार जास्त उरतंय. ते मी सोडलेत."

"का?"

"बारा दिवाळ्या कोपीत काढल्या, ताई. उसाच्या पाचटाच्या झोपडीत. आता दिवाळीला माझ्या दारात माझी रांगोळी असती. तिची किंमत आठ-धा हजार धरली मी. म्हाग वाटती का तुमाला?"

एखादी गोष्ट निवडताना जी दुसरी सोडावी लागते तीच तिची खरी किंमत, हे मी परीक्षेत तीन वेळा लिहिलं होतं. समजलं त्या दिवशी. ही नोकरी म्हणजे त्यांच्यासाठी काय होतं हेही त्याच दिवशी समजलं, आणि समजूनही मी पुढे तसं वागले. म्हणूनच हे लिहिताना मला लाज वाटते.

आता चूक. आधीच सांगून टाकते, ती माझी होती.

जानेवारीत लिंबाजीकाका नावाच्या शेतकऱ्यानं बावीस पोती तूर घातली होती. अकरा क्विंटल, भाव पासष्टशे, चिंधी निळी. मावशींची चिठ्ठी आली, मी ती चढवली, काकांचे पैसे बँकेतून गेले. पुढे फेब्रुवारीत उंदरांनी त्या थप्पीची पोती खालून कातरली. मावशींनी एकटीनं दोन दिवसांत ती सगळी तूर नव्या पोत्यांत भरली आणि नव्या पोत्यांना पुन्हा निळीच चिंधी शिवली, कारण तूर तीच, भाव तोच. पोती बदलली म्हणून एक चिठ्ठी लिहून माझ्या टेबलावर ठेवली. 'लिंबाजी, २२ पोती, ११ क्विंटल.' टाचणीला निळी चिंधी. मी ते दोन दिवस बहिणीच्या साखरपुड्याला गेले होते. परत आले तर टेबलावर चिठ्ठ्यांचा ढीग. त्या आठवड्याची खरेदी पिवळ्या चिंधीची, बहात्तरशेची. मी सगळ्या चिठ्ठ्या नवी खरेदी म्हणून एका दमात चढवल्या आणि सगळ्यांना बहात्तरशे भाव लावला. पिवळ्या चिंध्यांमध्ये एक निळी आहे, म्हणजे हा जुना माल आहे, एवढंच बघायचं होतं. मी चिंधीकडे बघत नसे.

एकतीस मार्चला साठा मोजला. माझ्या कॉम्प्युटरपेक्षा गोदामात अकरा क्विंटल तूर कमी भरली. बहात्तरशेनं किंमत एकोणऐंशी हजार दोनशे. नफ्यातून तेवढी रक्कम गेली आणि गटांना वाटायला जवळपास काही उरलं नाही.

कमिटीची बैठक बसली. मी कागद वाचून दाखवला. मावशी उभ्या होत्या, शर्टाच्या बाह्या खाली ओढत.

"माझ्या गोदामात कमी न्हाई," त्या म्हणाल्या. "रंग मोजा. निळी बावीसच आलती."

"मावशी, माझ्याकडे लिंबाजीकाकांच्या दोन चिठ्ठ्या आहेत. तुमच्याच अक्षरातल्या."

त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या हातात घेतल्या, डोळ्यांजवळ नेल्या. "ही दुसरी तर उंदरांची..." एवढं म्हणाल्या आणि पुढचं बोलूच दिलं नाही कोणी. कुणीतरी मागून म्हणालं, "आता बावीस पोती उंदरांनी खाल्ली म्हणा." खोलीभर हसू पसरलं. मीही हसले. सगळ्यांचं हसणं आवरल्यावर मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना वाटलं असेल, हिशोबवाली ताई तरी विचारील, उंदरांची म्हणजे काय. त्यांनी पुन्हा एकदा प्रयत्न केला. "चिंधी बगा की, ताई. दोन्हीला निळी हाय."

मी म्हणाले, "चिंधीला पुरावा म्हणत नाहीत, मावशी."

हे वाक्य मी कुठे शिकले होते कोण जाणे. बायकांना ते फार आवडलं. मावशींनी चिठ्ठ्या माझ्या टेबलावर ठेवल्या, कॉलरची दाभण काढून त्यांच्यावर आडवी ठेवली आणि गेल्या. त्यांना कोणी काढून टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत, इतकंच. सुमनताईंनी पोलिसांत जायचं नाही असं ठरवलं आणि सगळ्यांनी त्यांच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं. आमच्या गावांत बायका गिरणीत दळणाचे डबे रांगेत ठेवून घरी जातात, आलेली बाई आपोआप सगळ्यांवर लक्ष ठेवते. प्रयागमावशी रांगेत असल्या की आता बायका डब्याजवळ थांबायला लागल्या. बोलत कोणी काही नव्हतं. नुसत्या थांबायच्या. दसरा झाला आणि मुकादमाचा ट्रक आला, तेव्हा मावशी आणि त्यांचे गुडघेदुखीचे मालक त्यात बसून गेले. म्हैस आधीच्या आठवड्यात विकली होती, अर्थात पडत्या भावात.

नोव्हेंबरमध्ये लिंबाजीकाका माझ्याकडे आले. बँकेला दाखवायला वर्षभराच्या तूरविक्रीचा कागद हवा होता. मी त्यांचं खातं उघडलं. खात्यावर त्यांना द्यायचे एकोणऐंशी हजार दोनशे रुपये दिसत होते. मार्चअखेर वीस-बावीस शेतकऱ्यांचं देणं शिल्लक असायचंच, त्या गर्दीत हा आकडा कोणाच्या नजरेला आला नव्हता. ऑडिटरच्याही नाही.

"काका, तुमचे पैसे यायचे राहिलेत का?"

"न्हाई बा. माझे जानेवारीतच आले. बावीस पोत्यांचे." मग स्क्रीनकडे बघून म्हणाले, "आजून द्यायचे म्हणत असाल तर आमी कशाला नगं म्हणू?" आणि स्वतःच्याच विनोदावर खूप वेळ हसले.

ते गेल्यावर मी फाइल काढली. दोन चिठ्ठ्या. दोन्हींना टाचणी, दोन्हींना निळी चिंधी, एकाच लुगड्याची. काठावरची जरीची रेघ एका तुकड्यावर संपून दुसऱ्यावर सुरू होत होती. 'उंदरांची' म्हणजे काय ते मला आठ महिन्यांनी कळलं.

मी काय करायला हवं होतं ते शेंबडं पोरही सांगेल. उठून सुमनताईंकडे जायचं. मी मात्र दार लोटून घेतलं आणि दुरुस्तीची एक नोंद टाकली. लिंबाजीकाकांच्या खात्यावरचं देणं रद्द, रक्कम नफ्यात जमा. दोन ओळी. हिशोब आता बरोबर होता. कागदावर कोणी चोर नव्हतं, कारण कागदावर चोर असा शब्द कधी लिहिलेलाच नव्हता. तो फक्त गावात होता.

आणि मार्चअखेरीला काय व्हावं? त्या वर्षी मिलचा नफा एकदम वर गेला. जाणारच. आदल्या वर्षी जे एकोणऐंशी हजार मी बुडवले होते तेच आता वर आले. नवीन एक पैसा कमावलेला नव्हता. सुमनताई सगळ्यांना सांगत सुटल्या, आमच्या ताईंनी हिशोबाला शिस्त लावली. वार्षिक सभेत माझा सत्कार करायचं ठरलं.

एप्रिलमध्ये टोळ्या परत आल्या. मी चिठ्ठ्या घेऊन मावशींच्या घरी गेले. जाताना वाटभर वाक्यं जुळवली होती. त्या ओट्यावर बसून कोयत्याला तेल लावत होत्या, अंगात तोच शर्ट. चेहरा उन्हानं काळा पडलेला. मला बघून त्यांनी पोतं अंथरलं, बसा म्हणाल्या. जुळवलेली वाक्यं गेली. मी नुसत्या चिठ्ठ्या पुढे केल्या आणि म्हणाले, "मावशी, मी एकच तूर दोनदा लिहिली."

"मला ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"मिटींगीतच कळलं की. दुसरी चिठ्ठी खरेदीत बगितली तव्हाच." त्यांनी चिंधीवरून अंगठा फिरवला. "ही माझ्या आईच्या लुगड्याची. चांगली टिकली." मग कोयता बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "भाव कितीचा लावला व्हता?"

"बहात्तरशे."

"निळी पासष्टशेची व्हती." आकडेमोडीत त्यांचे ओठ हलले. "म्हंजे क्विंटलला सातशे. अकराचे सात हजार सातशे. एवढे तर माझ्या नावावर उगंच जास्तीचे टाकले तुमी."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी रडायला लागले. त्यांनी मला पाणी दिलं, पाठीवर हात वगैरे ठेवला नाही.

"माझ्याम्होरं रडून काय व्हतंय, ताई. मला तर ठाऊकच हाय. सभेत सांगा. सगळ्या बाया असत्यात. तुमच्या तोंडून ऐकलं म्हंजे गिरणीत डबे ठेवून जातील." मग म्हणाल्या, "आन दसऱ्याला मुकादमाला न्हाई म्हणता येईल."

मी म्हणाले, सांगते. अगदी मनापासून म्हणाले. त्या क्षणी मी खरंच सांगणार होते.

जुलैमध्ये सभा झाली, शाळेच्या मोठ्या वर्गात. शंभरेक बायका. आधी सत्कार. सुमनताईंनी माझ्या अंगावर शाल घातली, नारळ दिला, भाषणात म्हणाल्या की अशी प्रामाणिक मुलगी मिळाली हे गावाचं भाग्य. टाळ्या थांबल्या आणि मी अहवाल वाचायला उभी राहिले. तेव्हा मला शेवटच्या रांगेत, खांबाशी मावशी दिसल्या. शर्ट नव्हता. मी त्यांना पहिल्यांदाच शर्टाशिवाय बघत होते. हिरवं नवं लुगडं नेसून, केस नीट चोपून, लग्नाला आल्यासारख्या आल्या होत्या. त्यांच्या आजूबाजूला थोडी जागा मोकळी होती.

शाल अंगावर होती. नारळ टेबलावर होता. मी कागद धरला आणि वाचलं, "मागील वर्षीच्या खरेदी खात्यातील नोंदीची दुरुस्ती करून रुपये एकोणऐंशी हजार दोनशे चालू वर्षाच्या नफ्यात वर्ग केले आहेत."

एवढंच. त्यात तूर नव्हती, उंदीर नव्हते, माझं नाव नव्हतं, त्यांचंही नव्हतं. एक अक्षरही खोटं नव्हतं आणि एकाही बाईला काही कळलं नाही. मी पान उलटलं.

"मंजूर?" सुमनताईंनी विचारलं.

भराभर हात वर झाले. मावशींच्या पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईनं मागे वळून त्यांना विचारलं, तिला ऐकू कमी यायचं म्हणून मोठ्यानंच विचारलं, "काय म्हणल्या गं ताई?"

मावशी माझ्याकडे बघत होत्या. एक वाक्य पुरलं असतं, त्या स्वतः बोलल्या असत्या तरी चाललं असतं. बहुधा त्या अजूनही मीच बोलेन म्हणून थांबल्या होत्या. मी पुढच्या पानावरचा आकडा शोधत राहिले.

"हिशोब जुळला म्हणल्या," प्रयागमावशी म्हणाल्या, आणि सगळ्यांच्या शेवटी त्यांनीही हात वर केला.